शहाडचे काविळीवाले काका

काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, यकृताच्या आजारांवर संशोधन करते. आई मात्र डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना एवढंच सांगते, "ती काविळीचं बघते." तिचं उत्तर लोकांना लगेच कळतं. माझ्या उत्तरानंतर पुढचा प्रश्न असतोच, "म्हणजे पेशंट नाही बघत?"

नाही बघत. मी डॉक्टर झाले, पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत लागले. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि तळमजल्यावर पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना. त्यांचं प्रेस चालू असलं की आमचा नाजूक तराजू थरथरायचा, म्हणून वजनं करायची ती त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. आमचे सर त्या सुट्टीची वेळ अगदी धर्मासारखी पाळायचे. स्वतः जेवायचे नाहीत, पण एक वाजला की "चला, वजनं!" अशी हाक यायची.

सरांना एका गोष्टीचा छडा लावायचा होता. आपल्या भागात दर वर्षी कावीळ पसरते. ती कोणत्या विषाणूमुळे, कुठल्या वस्तीत, कशी सुरू होते? रुग्णालयांतून आमच्याकडे रक्ताचे नमुने यायचे, पण ते सगळे आजार बळावलेल्यांचे. एकदा सर वैतागून म्हणाले, "शंभरातले पाच आपल्याला दिसतायत. बाकीचे जातात तरी कुठे?"

आमच्या टेक्निशियन बाई सिरिंजा मोजत होत्या. त्या कल्याणच्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, ते सगळे शहाडला जातात. काकांकडे. रविवारी सकाळी."

त्याच रविवारी आम्ही दोघी गेलो.

उल्हास नदीच्या बाजूला एक बैठं घर, पुढे मोठं अंगण, कडेला शेवग्याचं झाड. अंगणात साठेक माणसं बसली होती. पिवळी, थकलेली, कुणी नवऱ्याच्या खांद्याला टेकलेलं. ओट्यावर पाटा-वरवंटा मांडून एक उंच, काळेसावळे गृहस्थ भुईआवळ्याची मुळं वाटत होते. अंगात बनियन, खाली खाकी हाफ पँट. बत्तीस वर्षं गिरणीत नोकरी केलेली, त्यामुळे रविवारीही त्यांचा वेळ भोंग्यावर चालायचा, सात ते अकरा. वाटलेली मुळी ताकात कालवून काकू पेला भरायच्या आणि काका तो समोरच्याच्या हातात द्यायचे. तीन रविवार घ्यायचं, तोवर दारू बंद आणि आराम. एक पैसा घ्यायचे नाहीत. त्यांच्या आजोबांनी तशी शपथ घातली होती म्हणे.

पेला देण्याआधी ते प्रत्येकाची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायचे आणि तीनच प्रश्न विचारायचे. "कुठनं आलास? घरात आणि कोणाला हाय? किती दिस झाले?"

आमची पाळी आली. त्यांनी माझी पापणी ओढली.

"पांढरे हायेत डोले. तुमी कशाला आल्यात?"

मी माझं काम सांगितलं. इथल्या लोकांच्या संमतीने थोडं थोडं रक्त घेऊन तपासायचं आहे, कोणत्या प्रकारची कावीळ आहे ते कळेल, वगैरे. काका ऐकत होते, पण वरवंटा थांबला होता.

"म्हणजे माजं औषध खोटं, असं कागदावर लिवून न्यायचंय तुमाला."

"तसं नाही काका."

"तसंच हाय. मागं एक पेपरवाला आलेला. फोटो काढले, चा पिला आणि भोंदू लिवलं. चला, बाजूला व्हा. लोकं खोळंबलीत."

बाजूला झालो. पुढच्या रविवारी परत गेलो. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही, पण काकूंनी ताक आणून दिलं, मुळी न घातलेलं, मीठ-जिरं लावलेलं. "त्यांचं डोकं तापट हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी येत राहा."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवताना सगळं सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. ती लाटता लाटता थांबली.

"शहाडचे? शेवग्याचं झाड आहे तेच घर? अगं, तुला तिथेच नेलं होतं."

"मला?"

"बालवाडीत होतीस. डोळे हळदीसारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, आराम द्या, बाकी काही औषध नाही. मग तुझ्या बाबांनी तुला खांद्यावर घेऊन तीन रविवार तिकडे नेलं. बरी झालीस की!"

"आई, ती आपोआप बरी होते. पाण्यातून होणारी कावीळ चार-सहा आठवड्यांत बहुतेकांची आपोआप जाते."

"असेल," आई म्हणाली. "पण तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नाही."

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. या प्रवासाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. ऑफिसात डोकं लावून कागदपत्रं तपासणारे माझे काटेकोर बाबा पिवळ्या मुलीला खांद्यावर घेऊन त्या अंगणात बसलेत, हे चित्र मला त्या रात्रीपासून सोडेना.

तिसऱ्या रविवारी मी काकांसमोर बसले आणि रक्ताचं काही न बोलता हेच सांगितलं. काकांनी मला नीट न्याहाळलं. मग इतक्या मोठ्याने हसले की रांगेतली माणसं दचकली.

"म्हणजे तू माजीच पेशंट! अगं, मंग आदी नाय का सांगायचं? ऐकलंस का गो," ते काकूंना ओरडले, "ही आपल्या औषधावर मोठी झाली न् आता आपल्यालाच शिकवाया आली!"

त्या क्षणापासून मी "तू" झाले. टेक्निशियन बाई शेवटपर्यंत "तुमी"च राहिल्या, त्याचा त्यांना जरा राग होता.

काकांनी एकच अट घातली. "रक्त घे. पण कोणाचं काय निघालं ते पयलं मला सांगायचं."

मी म्हटलं, तसं करता येणार नाही. ज्याचं रक्त त्यालाच निकाल सांगायचा, असा नियम आहे. त्याला वाटलं तर तो तुम्हाला सांगेल. काकांनी तोंड वाकडं केलं. आमच्या परवानग्या, संमतीपत्रं हे सगळं होईपर्यंत दोन महिने गेले. पण काम सुरू झाल्यावर असं झालं की लोक निकालाचा कागद माझ्या हातातून घ्यायचे आणि तसेच ओट्यावर नेऊन काकांपुढे धरायचे. काका चष्मा लावून तो उलटासुलटा बघायचे आणि मला हाक मारायचे, "पोरी, ह्यात काय लिवलंय ते वाच गो जरा."

असे आम्ही एकत्र काम करायला लागलो. शेवग्याखाली आमचं घडीचं टेबल, बर्फाची पेटी, आणि ओट्यावर पाटा-वरवंटा. मी त्यांना समजावलं की कावीळ हा एक आजार नाही. काही विषाणू घाण पाण्यातून पोटात जातात, काही रक्तातून, सुईतून पसरतात किंवा आईकडून बाळाला होतात. पहिले बहुधा आपोआप जातात. दुसरे वर्षानुवर्षं राहून यकृत पोखरतात. काका ऐकायचे, मध्येच प्रश्न विचारायचे. काविळीला चांगला म्हणून आपण उसाचा रस सांगतो, पण रसवंतीवाला त्यात घालतो तो बर्फ कुठल्या पाण्याचा? हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारला. पुढच्या रविवारपासून "उसाचा रस पी" याच्या मागे त्यांनी "बिनबर्फाचा" जोडलं.

त्यांचे ते तीन प्रश्न म्हणजे आमच्या छापील प्रश्नावलीचा गाभाच होता, हे मला उशिरा कळलं. आणि त्यांची स्मरणशक्ती अशी की एकदा भाताच्या लावणीनंतर ते मला म्हणाले, "मानपाड्याच्या बाजूनं एका चाळीतनंच नऊ लोकं आली ह्या तीन रविवारात. पत्ता प्रत्येकानं येगला सांगितला, पण मी वळखलं." मी आमच्या कागदांत शोधलं. पत्ते प्रत्येकाने वेगवेगळे लिहिले होते, कुणी दुकानाच्या नावाने, कुणी मंदिराच्या. चाळ खरंच एकच होती. मी आणि बाई तिथे गेलो. चाळकऱ्यांनी वर्गणी काढून आपली आपण प्लॅस्टिकची पाण्याची नळी टाकली होती आणि ती थेट गटारातून गेली होती. सांध्यावर चिंधी बांधलेली. नळी वर उचलून घेतली, महिनाभर सगळे पाणी उकळून प्यायले, आणि तिथून येणारी माणसं थांबली. सर इतके खूश झाले की एक वाजून गेला तरी वजनं करायची राहिली.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त "हां" म्हणाले. पण त्या दिवशी काकूंनी आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण.

पुढच्या वर्षीची गोष्ट सांगायला मला अजूनही जड जातं.

काकांची धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. हसरी, बडबडी. रविवारी आमच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसायची आणि लोकांना रांगेत नीट बसवायची. एका रविवारी ती बाहेर आली नाही. मी काकूंना विचारलं तर त्या "जरा पडलेय" म्हणाल्या आणि नजर चुकवून आत गेल्या. दहाच्या सुमाराला मी पाणी प्यायला म्हणून घरात गेले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी हाक मारली. तिने मान वळवली आणि मला तिचे डोळे दिसले.

मी बाहेर आले. काका पेला पुढे करत होते.

"काका, किती दिवस झाले?"

त्यांना कळलं मी कुणाबद्दल विचारतेय. "चार. मी देतोय तिला औषध. सकाळ-संध्याकाळ देतोय."

"तिला आत्ता रुग्णालयात न्यायला हवं."

"आपोआप जाती म्हणतेस ना तूच?"

"बाकीच्यांची. गरोदर बाईला हीच कावीळ जिवावर उठते. मी तुम्हाला सांगितलं होतं काका."

सांगितलं होतं. एकदा, बऱ्याच गोष्टींच्या ओघात. ठासून सांगितलं नव्हतं. हे मला त्या क्षणी, त्या ओट्यासमोर उभी असताना कळलं.

काका उठले नाहीत. त्यांचा हात पेल्यावर तसाच होता. "ह्या हातानं हजारो बरे झालेत," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. विनवणीचा होता. "माजी पोर नाय व्हनार का?"

उत्तर काकूंनी दिलं. त्या मुलीची पिशवी भरून दारात उभ्या होत्या. "उठा," त्या म्हणाल्या. "चपला घाला."

साठ माणसं बसलेलं अंगण तसंच सोडून काका उठले. रांगेतल्याच एकाची जीप होती. तापाने फणफणलेला होता बिचारा, पण त्याने भावाला चालवायला बसवलं आणि आम्ही ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात पोचलो. दुसऱ्या दिवशी मुलगी असंबद्ध बोलायला लागली, मग बोलायचीच थांबली. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं, पोटातच. मुलगी पाच दिवस झोपेसारख्या अवस्थेत होती. सहाव्या दिवशी तिने डोळे उघडून काकूंना विचारलं, "आये, मला भूक लागली." काकूंनी पदर तोंडात धरला आणि वॉर्डाबाहेर जाऊन रडल्या.

काका त्या सगळ्या दिवसांत जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. मी प्रयोगशाळेतून रोज जायचे आणि त्यांच्या शेजारी बसायचे. मुलगी शुद्धीवर आली त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "चार दिस आदी आणली असती तर पोरगं वाचलं असतं?"

माझ्या आयुष्यात मला विचारलेला तो सगळ्यात अवघड प्रश्न. हो म्हणाले असते तर तो माणूस मोडला असता. नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं.

"मला माहीत नाही काका," मी म्हटलं. "इथेही त्यावर औषध नाही. फक्त लक्ष ठेवतात, सांभाळतात. कधी वाचतं, कधी नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "खरं सांगितलंस. बरं केलंस."

मी त्यांना माझंही सांगितलं, की मी ठासून बोलायला हवं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दीड महिना अंगण बंद होतं. लोक येऊन परत जायचे. मग एका शनिवारी काकूंचा निरोप आला, उद्या या. गेलो. पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवलेला. ओट्यावर ताकाचं पातेलं आणि पेले.

"मुळी नाही?" बाईंनी विचारलं.

"नाय," काका म्हणाले. "आपोआप जाती म्हणतेस ना? मंग बगू." ते माझ्याकडे वळले. "पण एक सांग. मुळीनं कोण बरं झालं नसंल, तर इतकी वर्षं मी काय केलं?"

"लोकांना आराम करायला लावलंत. दारू सोडायला लावलीत. घाबरलेल्यांना धीर दिलात. माझ्या बाबांना दिलात. आणि कुठनं आलास ते विचारलंत. ते दुसरं कुणीच विचारत नव्हतं."

त्यांना हे पटलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी पहिल्या माणसाची पापणी ओढली आणि कामाला लागले. प्रत्येकाला स्पष्ट सांगायचे, "हे साधं ताक हाय, औषध नाय." लोक मान डोलवायचे आणि औषध म्हणूनच प्यायचे. "काका आता मुळी ताकात विरघळवून टाकतात, दिसत नाही," अशी अफवा ठाण्यापर्यंत पसरली होती. त्यावरून काका चिडायचे आणि काकू पदराआड हसायच्या.

तीन प्रश्नांचे पाच झाले. पोटुशी हाय का? सारखी झोप, बरळणं, उलट्या हायेत का? यातलं एकही "हो" आलं, किंवा महिन्याच्या वर दिवस झाले असले, तर त्या माणसाला ताकसुद्धा मिळायचं नाही. थेट आमच्या टेबलाकडे, नाहीतर रुग्णालयात. गरोदर बायकांच्या सासवांशी ते भांडायचे. एकदा एका नवऱ्याला त्यांनी दंडाला धरून रिक्षात बसवलं. जुनाट, रक्तातून होणाऱ्या काविळीचे कितीतरी लोक आम्हाला अशा तऱ्हेने वेळेत मिळाले, आणि त्यांच्या बायकामुलांना लस देता आली. माझ्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा तिथे ठरली. आईकडून बाळाला जाणारा विषाणू जन्मल्या जन्मल्या लस देऊन कसा अडवायचा, यातच माझी नंतरची वर्षं गेली.

काकांना एकदा "तुजी ती मशीन" बघायची होती. मी त्यांना वागळे इस्टेटला आणलं. पांढरा सदरा, नवी चप्पल. तळमजल्यावरचं प्रेस बघून ते आधी तिथेच पंधरा मिनिटं रमले, कामगारांशी गिरणीच्या गप्पा मारल्या. मग वर आले. मी त्यांना तपासणीची प्लेट दाखवली. हाताच्या पंजाएवढी, तिला शहाण्णव छोट्या वाट्या. प्रत्येक वाटीत एका माणसाचा नमुना. शेवटचा थेंब टाकला की ज्यात आजाराची खूण असते ती वाटी पिवळी होते. मी थेंब टाकत गेले. एकेक वाटी पिवळी होत गेली.

काका वाकून बघत होते. "अरे देवा," ते म्हणाले. "हिला पण कावीळ झाली!"

सर जोरात हसले. आम्ही त्यांना क्वचितच हसताना बघितलं होतं. त्या दोघांची मग इतकी गट्टी जमली की सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा एक वाजता डबा उघडला, काकांसाठी.

सर आता निवृत्त होऊन ठाण्यातच असतात. प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. काकांनी ऐंशी ओलांडलीत, ऐकू कमी येतं. अंगणात आता रविवारी दहा-बारा माणसं असतात, कारण लोक आधी तपासणी करून घेतात. धाकट्या मुलीला पुढे दोन मुली झाल्या. दोन्ही वेळा ती बाळंतपणाला माहेरी आली, आणि काका दोन्ही वेळा महिनाभर स्वतः पाणी उकळत बसले. दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

परवा आई आजारी होती म्हणून मी दोन आठवडे शहाडला गेले नव्हते. काकांचा फोन आला. ते फोनवर ओरडूनच बोलतात.

"कुठं हाईस गो? टिटवाल्याची एक बाई आलीय, सातवा महिना. डोले पिवले हायेत. तिचा नवरा ऐकत नाय. घे, बोल त्याच्याशी."

मी त्याच्याशी बोलले. ठासून बोलले. अर्ध्या तासाने काकांचा परत फोन आला की रिक्षा गेली. मग त्यांनी आईची तब्येत विचारली, आणि तिला ताक चालतं का, हेही विचारलं.